कोणाच्या हातचं?

माझ्या मामाच्या घरात कुठलीही वस्तू टाकून देत नाहीत. ती म्हातारी झाली, की तिला माळ्यावर बढती मिळते. काड्या मोडलेली छत्री, पंप मारायची बत्ती, एका कानाची कढई, 'आवाज येत नाही पण दिवा लागतो' या गुणावर टिकलेला रेडिओ, अशी सगळी मंडळी कोसबाडच्या त्या घराच्या माळ्यावर पेन्शन खात बसली आहेत. दर दिवाळीला मामी त्यांना खाली उतरवते, मामा एकेकाची बाजू घेऊन भांडतो आणि संध्याकाळपर्यंत सगळी पुन्हा वर जातात.

गेल्या दिवाळीच्या या वार्षिक अधिवेशनात एक नवा सभासद निघाला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मामीला वाटलं, सोऱ्याची मूठ असेल. चकल्या करायच्याच होत्या, म्हणून तिने ती चिंच लावून नारळाच्या शेंडीने घासायला घेतली. घासता घासता मूठ संपली आणि नळी लागली. नळीच्या मागे एक गोल चक्र होतं, त्याला पाच भोकं होती. चकतीला भोकं असतात हे खरं, पण त्यांतून चकली पडेल असं काही मामीला वाटेना. तेव्हा तिने मामाला हाक मारली.

जुन्या शस्त्रांचे शौकीन या चिंचेपाशी मूर्च्छा येऊन पडतील. जुन्या हत्याराचा गंजसुद्धा जपायचा असतो, असं ते म्हणतात. पण मामीने घासलं नसतं तर त्यावरचे ठसे दिसले नसते, आणि ठसे दिसले नसते तर मला मामाचा फोन आला नसता.

"ताबडतोब ये. फोनवर बोलण्यासारखं नाही," मामा म्हणाला आणि पुढची वीस मिनिटं फोनवरच सगळं बोलला.

मी फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात जुन्या नाण्यांवर एक लेख लिहिला होता. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात जुनं काहीही निघालं, की मला बोलावतात. मागच्या वर्षी एका आत्याने गुडघा दाखवला होता. मामाने बोलावलं, म्हणून मी विरारहून डहाणूची लोकल धरली. 2013 साली ही लोकल सुरू झाली आणि कोसबाड मुंबईच्या इतकं जवळ आलं, की 'लांब पडतं हो' ही सबब कायमची गेली. डहाणू रोडला उतरून टमटमने चिकूच्या वाड्या मागे टाकत मी पोचलो, तेव्हा ओटीवर पंधराएक माणसं बसली होती आणि मधोमध पाटावर ते पिस्तूल ठेवलं होतं. हळदीकुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं.

खरं तर ते रिव्हॉल्व्हर. पण आपल्याकडे बंदुकीपेक्षा लहान ते सगळं पिस्तूलच. हाताच्या पंज्यात मावेल एवढं, काळपट, चिंचेने मधूनमधून उजळलेलं. घोडा आत कुठे तरी दडलेला. चापाला घडी, चाकूच्या पात्यासारखी. चापाभोवती असते ती कडीही नाही. चक्र गंजून बसलेलं, चापाची घडी अर्धीच उघडणारी. यातून गोळी सुटायची म्हणजे आधी गंज सुटायला हवा होता.

ओटीवरच्या सभेचं काम माझ्या आधीच सुरू झालं होतं. पहिला पक्ष पोर्तुगीजवाल्यांचा. "डहाणूचा किल्ला 1739 साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. तेव्हा पळता पळता कोणा फिरंग्याच्या कमरेचं पडलं असणार." मी म्हटलं, "1739 साली बंदुकीत दारू ठासायचे. याच्या चक्रात पितळी काडतूस बसतं, आणि त्या जातीचं काडतूस निघायला त्यानंतर शंभराच्या वर वर्षं लागली." फिरंगी पक्ष गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

दुसरा पक्ष घरचा. मामाच्या आजोबांनी याच पिस्तुलाने वाघ मारला होता म्हणे. ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या लहानपणी तो वाघ सात फुटांचा होता. या दिवाळीपर्यंत तो नऊ फुटांचा झालेला. मेलेला वाघ इतका वाढताना मी दुसरीकडे पाहिला नाही.

तिसरा पक्ष क्रांतिकारकांचा, आणि त्याचा नेता मामा स्वतः. 1909 साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. मामाचं म्हणणं, त्या विसांतलं एक आपल्या माळ्यावर. महाराष्ट्रात ज्या ज्या घरात जुनं पिस्तूल आहे, तिथे तिथे ते त्या विसांतलंच असतं. सगळ्यांची बेरीज केली तर अमीन यांना पेटी पुरली नसती, आगबोटच लागली असती.

"मामा, ती पिस्तुलं आपोआप भरणारी होती. गोळ्यांची पट्टी मुठीत जाते, चक्र नसतंच. हे चक्रवालं आहे," मी म्हटलं.

"म्हणजे त्यांचा आणि याचा काहीच संबंध नाही?"

संबंध होता, पण तो कळायला ठसे वाचायला हवे होते. मामीचं पंचांग वाचायचं भिंग आणलं. ओटीवरची सगळी डोकी त्या भिंगावर वाकली.

नळीच्या बाजूला एक लंबगोल. त्यात वर 'ई', खाली 'एल जी', त्याखाली एक चांदणी. लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट. मामाच्या धाकट्याने क्षणात निकाल दिला. "एलजी! अरे, फ्रिजवाली कंपनी. आधी पिस्तुलं काढायचे वाटतं." त्याच्या मते 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक. एका निवृत्त कारकुनांनी 'इंग्लिश लोकल गव्हर्न्मेंट' असा अर्थ लावला आणि सरकारी मालमत्ता घरात ठेवल्याबद्दल मामाकडे काळजीने पाहिलं.

दुसरा ठसा पाहून मामी खूश झाली. "अगं बाई, दीपमाळ!" खरंच दीपमाळ. खाली पायऱ्या, वर उभा खांब, टोकाला काही तरी. साहेबाच्या हत्यारावर देवळापुढची दीपमाळ बघून सभेतल्या भाविक गटाने हे पिस्तूल स्वदेशी असल्याचं जाहीर केलं. तिसरा ठसा मुकुटाखाली 'आर'. चौथा चांदणीखाली एक अक्षर, अर्धं झिजलेलं. आणि नळीच्या माथ्यावर फ्रेंच भासणारे दोन शब्द, 'आसिए फोंद्यू'.

"हा बघ, हा बनवणारा!" मामा ओरडला. "फोंद्यू! आडनावावरून गोव्याकडचा वाटतो. फोंड्याचा."

'आसिए फोंद्यू' म्हणजे ओतीव पोलाद. आपल्या ताटावर 'स्टेनलेस स्टील' असं छापलेलं असतं तसं. ते ताट स्टेनलेस नावाच्या माणसाने केलं असं आपण म्हणत नाही. पण भाषा परकी असली, की विशेषणसुद्धा आडनाव वाटतं. पुष्कळ बेल्जियन पिस्तुलांवर 'ब्रेव्हते' असतं, म्हणजे पेटंट घेतलेलं. 'देपोझे' असतं, म्हणजे नोंदणी केलेलं. या ब्रेव्हते आणि देपोझे नावाच्या दोन साहेबांना जगभरच्या किती ओट्यांवर कारागिराचा मान मिळाला असेल, देव जाणे.

तो लंबगोल आहे बेल्जियममधल्या लिएज शहराचा. 'ई' म्हणजे एप्रव्ह, चाचणी. 'एल जी' म्हणजे लिएज. तिथे 1672 पासून बंदुकांच्या नळ्यांची सरकारी परीक्षा घेतात. परीक्षेची पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही परीक्षेहून सरळ आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि बार उडवायचा. नळी फुटली तर नापास, नाही फुटली तर पास, आणि पास झाली की ठसा. फेरतपासणी नाही, ग्रेस मार्क नाहीत. हा 'ई एल जी'चा ठसा नेपोलियनच्या 1810 च्या फर्मानानंतर आला, कारण तेव्हा लिएज फ्रान्सच्या ताब्यात होतं. त्यावर मुकुट चढला 1893 साली. म्हणजे आमचं पिस्तूल त्यानंतरचं. मुकुटाखालचा 'आर' 1894 नंतरचा. नळीला आतून पीळ पाडलाय, अशी ती खूण. 1922 पासून लिएजवाले परीक्षेच्या वर्षासाठी एक अक्षर ठोकू लागले. ते आमच्या पिस्तुलावर नाही, म्हणजे ते त्याआधीचं. चांदणीखालचं झिजकं अक्षर परीक्षकाचं. पेपर तपासणाऱ्या मास्तरांची सही असते ना, तसं.

आणि दीपमाळ म्हणजे 'पेरों'. लिएजच्या चौकात उभा असलेला खांब, त्या शहराच्या स्वातंत्र्याची खूण. 1467 साली बर्गंडीच्या चार्ल्सने लिएज जिंकलं, तेव्हा तो हा खांबच उपटून ब्रुज शहरी घेऊन गेला. अकरा वर्षांनी तो परत आला. गावाचा अपमान करायचा तर त्याची दीपमाळ उपटावी, हे युरोपातल्या सरदारांनाही कळत होतं. मामीला हे ऐकून फार बरं वाटलं. तिचं वाचन अगदीच चुकलं नव्हतं.

"बरं, पण बनवलं कोणी?" मामाने विचारलं.

मी भिंग खाली ठेवलं. इतका वेळ मी सांगितलं ते, पिस्तूल कुठल्या गावी तपासलं, साधारण कधी तपासलं, कशाचं केलंय, नळीला पीळ आहे आणि ती फुटली नाही. बनवणाऱ्याचा त्यात पत्ता नव्हता. आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटचंही तेच. मंडळाचं नाव, सहीशिक्का, बैठक क्रमांक, टक्के सगळं असतं. सातचा पाढा अंगणात फिरवून फिरवून ज्यांनी पाठ करून घेतला, त्या आजीचं नाव कुठे असतं? सोन्याच्या अंगठीवर '916' बघून आपण खात्री करतो. तो आकडा सांगतो, की सोनं बावीस कॅरटचं आहे. आमच्या डहाणू तालुक्यातच चिंचणी-वरोरकडे घराघरांत माणसं खाली मान घालून दागिन्यांचे डाय कोरत बसतात. त्यांच्या साच्यातली फुलं देशभरच्या गळ्यांत आणि कानांत जातात. अंगठीवर सोन्याची शुद्धता असते, 2021 पर्यंत सराफाची खूणही असायची. डायवाल्याची फक्त पाठ दुखते.

लिएजचंही हेच होतं. आपण डोळ्यांपुढे एक मोठा कारखाना आणतो, त्यात मिशीवाला एक साहेब, त्याची पाटी. तशी दुकानं होती आणि त्यांच्या खुणाही होत्या. ऑग्युस्त फ्रांकोत यांचा मुकुटाखाली 'ए एफ'. आंरिओं, दासी आणि हशेन या तिघांचा मिळून 'एच डी एच'. पण त्या दुकानांसाठी प्रत्यक्ष काम चाले ते शहराच्या आसपास, खेड्यापाड्यांत, घराघरांत. नळ्या एका खोऱ्यात घडत. चाप कोणाच्या पडवीत, मूठ आणखी कोणाच्या ओसरीवर, घासून लखलखीत करायचं काम तिसरीकडे. भाग या दारातून त्या दारात जात आणि शेवटी ज्याची दुकानावर पाटी, त्याचं नाव. ज्याची पाटी नाही, त्याचं तेही नाही. आमच्या पिस्तुलावर दुकानाची खूण नव्हतीच. असलीच तर चिंचेच्या आधीच गंजाने खाल्ली असेल. मामी लगेच म्हणाली, "मी फक्त वरचं घासलं."

शिवाय लिएजकरांना नाव लिहायचं झालं, तरी ते स्वतःचं लिहीतच असं नाही. इंग्रजांचं 'ब्रिटिश बुलडॉग' नावाचं आखूड रिव्हॉल्व्हर खपतं असं दिसल्यावर त्यांनी तसलीच शेकड्यांनी काढली आणि वर खुशाल 'ब्रिटिश' असं कोरून दिलं. हे सांगताच सभेत ओळखीचं हसू पसरलं. ज्यांनी उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए' शिक्का पाहिला आहे, त्यांना लिएज समजावून सांगावं लागत नाही.

आता मामाच्या क्रांतिकारी पक्षाचा संबंध. लिएजला लागूनच हर्स्ताल नावाचं गाव आहे. 1889 साली तिथे शस्त्रांचा मोठा कारखाना निघाला. अमेरिकेतल्या युटाच्या जॉन ब्राउनिंगची पिस्तुलाची कल्पना त्यांच्याकडे आली आणि युरोपात 'ब्राउनिंग' म्हणून जी पिस्तुलं गाजली, ती या हर्स्तालच्या कारखान्यातली. म्हणजे नाशिकच्या त्या रात्रीचं हत्यारही नावाने अमेरिकन, जन्माने बेल्जियन. पुढे 1926 साली ब्राउनिंग त्या कारखान्यातच काम करता करता वारला. आमच्या पिस्तुलाचं आणि त्या विसांचं नातं एवढंच, एका शिवारातले. भावकी नाही, गाववाले.

मामाने हे मोठ्या मनाने स्वीकारलं. "म्हणजे शेजारी तरी आहेत." मग त्याने राखून ठेवलेला पत्ता टाकला. "पण वाघ? वाघाचं काय?"

वाघाचं मला आधीच कळलं होतं आणि ते कसं सांगावं याचा विचार मी चहाच्या दुसऱ्या कपापासून करत होतो. दडलेला घोडा, घडीचा चाप, लहानखुरी अंगलट, आत जेमतेम साडेपाच मिलिमीटरची गोळी. या वाणाला युरोपात नाव होतं 'व्हेलोडॉग'. 1890 च्या दशकात पॅरिसच्या गालां नावाच्या शस्त्रकाराने तो काढला आणि लिएजसह जिथे तिथे त्याच्या नकला निघाल्या. 'व्हेलो' म्हणजे सायकल. 'डॉग' म्हणजे डॉगच. तेव्हा युरोपात सायकलीचं वेड नवं होतं आणि सायकलीमागे धावायचं कुत्र्यांचं वेड त्याहून नवं. सायकलस्वारांनी खिशात ठेवावं, घोडा खिशाच्या अस्तरात अडकू नये, चाप मिटलेला असावा, म्हणून ही रचना. सायकल चालवता चालवता कुत्र्यावर रोखायचं.

ओटीवर शांतता पसरली. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या मामाच्या आजोबांच्या फोटोकडे गेल्या. पगडी, लांब कोट, भेदक डोळे. आणि शेजारी उभी सायकल. शंभर वर्षं हा फोटो 'शिकारी आजोबा' म्हणून ओळखला जात होता. त्यात वाघ नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सायकल आहे, हेही आजच दिसलं.

मामाचा धाकटा पहिल्यांदा हसला. नऊ फुटांचा वाघ त्या दुपारी पाहता पाहता दीड फुटाचा झाला, शेपटी हलवू लागला आणि भुंकला.

"मुक्या जनावरावर गोळी?" मामीला ते मुळीच पटलं नाही.

"गोळीच असं नाही," मी घाईने म्हटलं. "मेणाची काडतुसं मिळायची. मिरचीच्या पुडीचीही मिळायची. कुत्र्याला ठसका लागून ते मागे राहावं, एवढंच."

"मिरचीची पूड उडवायला पिस्तूल कशाला लागतं?" मामी म्हणाली. "माझ्या फोडणीच्या वेळी त्याला स्वयंपाकघरात आणून उभा करायचा." बेल्जियमच्या शस्त्रविद्येवर इतकी नेमकी टीका मी अजून कुठे वाचलेली नाही.

प्रतिष्ठा गेली, तेव्हा मामा किमतीकडे वळला. मोबाईलवर त्याला कोणी तरी सांगितलं होतं, की जुन्या पिस्तुलाला कोटी मिळतात. ते खोटं नाही. 1873 साली ब्रसेल्समध्ये पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीने आर्थर रॅंबो या दुसऱ्या कवीवर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडली, ते 2016 साली पॅरिसच्या लिलावात 4,34,500 युरोंना गेलं. आपल्या तेव्हाच्या तीन कोटी रुपयांच्या आसपास. गोळी रॅंबोच्या मनगटाला लागली, इतकंच. आणि व्हॅन गॉगने ज्याने स्वतःवर गोळी झाडली असं मानतात, ते शेतात सापडलेलं, गंजून गेलेलं रिव्हॉल्व्हर 2019 साली 1,62,500 युरोंना विकलं गेलं. तेही कोणी बनवलं म्हणून नव्हे. कोणी झाडलं म्हणून.

मामाने बराच विचार केला. "आपल्या घराण्यात कवी कोणी झालाच नाही रे," तो खिन्नपणे म्हणाला. मग उजळून, "आणि आपल्याकडे एक कवी दुसऱ्या कवीवर गोळी कशाला झाडेल? प्रस्तावना लिहितो की." त्याचं खरं होतं. मराठीत एका कवीने दुसऱ्याला प्रस्तावनेतून जे केलं, ते लिलावात आणायचं तर लिएजमध्ये तेवढे मुकुट शिल्लक नसतील.

निवृत्त कारकुनांना मात्र कायदा सुचला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात जुनाट धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, त्याला सूट आहे. पण 'झाडता येणार नाही' हे मामीच्या चिंचेने ठरत नाही. ते दाखवून, नोंदवून घ्यावं, असं ठरलं. "लायसन्स होतं का आजोबांकडे?" कारकुनांनी विचारलं. मामी म्हणाली, "या घरात रेशनकार्ड सापडायला आठ दिवस लागतात."

संध्याकाळी सभा पांगली. वाडीत चिकू उतरवायला आलेले एक वारली काका पाट्या ठेवून ओटीशी टेकले. चाळीस वर्षांपासून ते इथे येतात. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं, चापाची घडी उघडमीट केली, मुठीवरून अंगठा फिरवला. दिवसभर सगळ्यांनी विचारलं होतं, कुठलं, कधीचं, केवढ्याचं. त्यांनी एवढंच विचारलं, की कोणाच्या हातचं आहे हे.

दिवसभरात हा प्रश्न बरोबर शब्दांत त्यांनीच मांडला होता. 'कोणाचं' आणि 'कोणाच्या हातचं' यांत फार अंतर आहे. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर मामीच्या तांब्याच्या हंड्यावर ठळक अक्षरांत एका आत्याबाईंचं नाव होतं, लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट'. ज्या तांबटाने तो हंडा ठोकून ठोकून गोल केला, त्याच्या हातोडीचे मठार अंगभर आहेत, नाव कुठेच नाही. मामाने खोके भरायला काढले होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक खोक्यावर छापलेलं. चिकू झाडावर चढून कोणी उतरवला, ते खोक्यावर बसत नाही. तालुक्यातल्या झोपड्यांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढणाऱ्या वारली बायकांनी कधी खाली सही केली नाही. त्या चित्रांना जगात एका माणसाचं नाव मिळायला जिव्या सोमा मशे यांना आयुष्यभर चितारावं लागलं आणि 2011 साली पद्मश्री घ्यावी लागली.

आणि याच कोसबाडच्या टेकडीचं घ्या. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. 1957 साली ते इथे कोसबाडला आलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ पाड्यांवर गेल्या. शंखशिंपले, बिया, पानं यांनी पोरांना शिकवलं. पुढे 1975 साली सरकारची योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पाटीवर चढला. त्या पाटीवर गावाचं नाव असतं, केंद्राचा क्रमांक असतो, योजनेचं बोधचिन्ह असतं. कोणाच्या हातचं, ते नसतं. या टेकडीवर राहून आम्ही बेल्जियमच्या कारागिराचं नाव शोधत होतो.

वारली काकांना मी सांगितलं, पुष्कळ हातांचं आहे, नाव एकाचंही नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. पिस्तूल परत ठेवताना मात्र त्यांनी चापाची घडी नीट मिटवून ठेवली. सकाळपासून पंधरा जणांनी ते हाताळलं होतं. घडी त्यांनीच मिटवली.

रात्रीच्या गाडीने निघालो. मामीने पिशवीत एक बरणी घातली. बरणी कुठल्याशा कॉफीची होती, तिच्यावर त्या कंपनीचं नाव, वजन, परवाना क्रमांक सगळं शाबूत. झाकण दुसऱ्याच एका मुरांब्याचं. घरी पोचल्यावर बायकोने काही न विचारता झाकण उघडलं, बोटाने चाखलं आणि तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, आवाज गेलेला. पाण्याचा अख्खा तांब्या संपवून ती म्हणाली,

"मिरचीचं लोणचं. मामींच्या हातचं!"

भिंग लागलं नाही. बरणीवरचा ठसा कॉफीवाल्याचा होता, झाकणावरचा मुरांबेवाल्याचा. मामीचा होता तो ठसका.